डीआरचा व्हेंडर ठरवण्याआधी

प्रिय दोस्ता,

डीआरसाठी, म्हणजे तुमचे सर्व्हर बंद पडले तर दुसऱ्या जागेवरून काम चालू ठेवायच्या सोयीसाठी, तू पाठवलेली तिन्ही कोटेशन्स वाचली. 'आरटीओ पंधरा मिनिटं', म्हणजे काम पंधरा मिनिटांत पुन्हा सुरू, असं तिघांनीही ठळक छापलंय, पण तुमची भोसरीची कंपनी किती वेळ बंद राहू शकते, हे कुणीच विचारलेलं दिसत नाही. ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर, बंद पडलं की इनव्हॉइस निघत नाही, माल पाठवायला लागणारं ई-वे बिल बनत नाही आणि माल भरलेला ट्रक गेटवर अडकतो. तो किती तास थांबला तर चालेल, हे डिस्पॅचला विचार. तोच तुझा आरटीओ. किती वेळाच्या एन्ट्र्या पुन्हा हाताने मारता येतील, हे अकाउंट्सला विचार, तो आरपीओ, म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तरी चालेल ते. पगाराचं सॉफ्टवेअर दिवसभर बंद राहिलं तरी चालतं, मग त्याला मिनिटांचे पैसे कशाला मोजायचे?

एकाने डीआरसाठी मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचं 'सेंट्रल इंडिया' केंद्र सुचवलंय. नावावर जाऊ नकोस, ते पुण्यातच आहे! पुण्यावरच काही बेतलं तर दोन्हीकडचं जाईल. अझूर हवं तर चेन्नई माग, अ‍ॅमेझॉनचं एडब्ल्यूएस असेल तर हैदराबाद. मार्च 2021मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा बॅकअपही त्याच आवारात ठेवणारे बसले हात चोळत. परदेशातलं स्वस्त म्हणून भुलू नकोस. हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा, असा कंपन्यांसाठी 2022पासून नियम आहे.

फाइल्स लॉक करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं, तर रेप्लिकेशन, म्हणजे डीआरकडे सतत चालणारी नक्कल, त्या लॉक झालेल्या फाइल्सही इमानेइतबारे तिकडे पोचवतं. म्हणून कुणालाच पुसता न येणारी, वेगळ्या लॉगिनची जुनी कॉपी आहे का, ते लेखी घे.

खरी परीक्षा ड्रिलची, म्हणजे डीआरवर काम चालवून बघायच्या तालमीची. गुरुवारी कारखाना बंद असतो, तेव्हाच घे. 'सर्व्हर चालू झाला' हा स्क्रीनशॉट मला पुरत नाही. डिस्पॅचच्या माणसाला बसव आणि डीआरवरून टेस्ट इनव्हॉइस काढायला लाव. तेव्हा कळतं की सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे लायसन्सची यूएसबी किल्ली, भोसरीच्या सर्व्हरलाच लटकलाय, किंवा गिऱ्हाइकाचं पोर्टल फक्त ऑफिसचाच आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) ओळखतं. व्हेंडरच्या ब्रोशरमध्ये हे कधीच नसतं. मग सगळं परत भोसरीला आणूनही दाखवायला सांग. डेटा बाहेर काढायचे पैसे वेगळे लागतात आणि तिघांपैकी दोघांनी तो आकडाच गाळलाय.

तिसरा ड्रिलचे जादा पैसे मागतोय. घासाघीस कर, पण वर्षातून दोन ड्रिल करारात राहू देत. जो टाळाटाळ करेल त्याचं कोटेशन बाजूला ठेव, रेट कितीही कमी असो.

कळावे.