मिशिगन विद्यापीठाचं ‘द व्हिक्टर्स’ हे क्रीडागीत ओहायो स्टेट विद्यापीठाला डिवचायला लिहिलं होतं का?

नाही. आजचं हाडवैर ओहायो स्टेटशी असलं, तरी गाण्याचं मूळ शिकागोत आहे. नोव्हेंबर १८९८ मध्ये मिशिगनच्या अमेरिकन फुटबॉल संघाने शिकागो विद्यापीठाला १२-११ असं, म्हणजे जेमतेम एका गुणाने हरवून वेस्टर्न कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं, अजिंक्यपद पटकावलं. त्याच भरात संगीताचा विद्यार्थी लुई एल्बेल याने हे गाणं रचलं. त्यात स्वतःला ‘पश्चिमेचे विजेते’ म्हणवून घेतलंय.

पुढे १९०७ मध्ये मिशिगन कॉन्फरन्समधूनच बाहेर पडलं आणि ‘पश्चिमेचे विजेते’ या ओळीची पंचाईत झाली! म्हणून १९११ मध्ये ‘वर्सिटी’ हे दुसरं गाणं आलं. १९१७ मध्ये संघ परतला, तसं जुनं गाणंही परतलं. शिकागोने मात्र १९३९ मध्ये मोठ्या स्पर्धांतलं फुटबॉलच सोडून दिलं.