फक्त गिटमध्ये नोंदलेल्या फाइल्स टर्मिनलवरून कशा शोधायच्या?

‘फाइंड’ चालवलं की नोड मॉड्यूल्स आणि बिल्डचा सगळा पसारा समोर येतो, त्यातून गिटमधल्याच फाइल्स कशा काढायच्या, असं तुम्ही विचारलंय. इथे फाइंड सोडाच. नावावरून शोधायला:

गिट एलएस-फाइल्स '*इन्व्हॉइस*'

अवतरणचिन्हं टाकाच. नाहीतर ती चांदणी (*) शेलच, म्हणजे टर्मिनलमधला कमांड वाचणारा प्रोग्रॅमच, उलगडू शकतो आणि आतल्या फोल्डरमधल्या फाइल्स सुटतात. शिवाय ही कमांड तुम्ही उभे आहात तिथून खालचंच दाखवते, म्हणून आधी रेपोच्या (गिटने सांभाळलेल्या प्रोजेक्टच्या) मुख्य फोल्डरमध्ये जा. फाइल्सच्या आतला मजकूर शोधायला ‘गिट ग्रेप -एन 'शब्द'’. तीही नोंदलेल्याच फाइल्स चाळते.

पण खरा उपयोग उडवलेल्या फाइल्ससाठी. महापेच्या आमच्या ऑफिसात जीएसटीची एक स्क्रिप्ट कुणीतरी काढून टाकली होती, नाव अर्धवटच आठवत होतं. मी हे दिलं:

गिट लॉग --ऑल --डिफ-फिल्टर=डी --नेम-ओन्ली -- '*जीएसटी*'

डी कॅपिटल हवा. फाइल ज्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या नोंदीत) गेली तो कमिट, पूर्ण पाथसकट, हाती आला. आता त्या कमिटमध्ये फाइल नसणारच, ती त्याच्या आधीच्यात असते. म्हणून हॅशच्या, म्हणजे कमिटच्या ओळखक्रमांकाच्या, शेवटी ^ लावायचं:

गिट शो हॅश^:पूर्ण/पाथ

ही कमांड मजकूर नुसता पडद्यावर दाखवते, म्हणून शेवटी > आणि फाइलचं नाव देऊन तो फाइलमध्ये उतरवला. घणसोलीहून ठाण्याची लोकल पकडायच्या आत स्क्रिप्ट जागेवर होती.

नाव अजिबातच आठवत नसेल, तर त्यातला एखादा शब्द घेऊन ‘गिट लॉग --ऑल -एस'शब्द'’ करा, हा एससुद्धा कॅपिटल. मोठ्या रेपोत वेळ लागतो, धीर धरा.