राजीनामा लिहिण्याआधी

सोलापूर, नोव्हेंबर अखेर

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा बँकेत हयातीचा दाखला द्यायला आलो होतो, तिथे तू भेटलीस. सरकारी नोकरीचा पहिला पगार आईच्या हातात दिलास, सिद्धेश्वराला नारळ फोडलास, ऐकून फार बरं वाटलं. मी विचारलं, ‘नोकरीच्या सगळ्या नोंदी असतात ते सेवापुस्तक पाहिलंस का?’ तर म्हणालीस, ‘काका, रिटायर व्हायला अजून चौतीस वर्षं आहेत.’ रांगेत नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या घराण्यात पेन्शन घेणारा मी पहिला. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि आई विड्या वळून घर चालवू लागली. म्हातारपणी दर महिन्याला ठरलेली रक्कम येणं म्हणजे काय, हे मी तिच्या हातांकडे बघून शिकलो. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा खटल्याच्या निकालात सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. पण हक्क कागदावर सिद्ध करावा लागतो आणि तो कागद पहिल्या दिवसापासून तयार होत असतो.

निवृत्तीचे हिशोब दोन, एक वयाचा आणि एक सेवेचा. वयाचा सोपा आहे. आपल्या राज्यात ५८ वर्षं, गट ड ला ६०. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. जन्मतारखेत चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतच करायचा असतो. तू आजच शाळेच्या दाखल्याशी ताडून बघ.

सेवेच्या हिशोबात माणसं फसतात. १९८२ च्या पेन्शन नियमांत, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांसाठी, दहा वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी, सेवा झाल्याशिवाय मासिक पेन्शन नाही, फक्त एकरकमी उपदान (ग्रॅच्युइटी). वीस वर्षं झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. ‘अर्हताकारी’ हा शब्द महत्त्वाचा. नोकरीत काढलेलं प्रत्येक वर्ष त्यात बसतंच असं नाही. वैद्यकीय दाखल्याशिवाय घेतलेली असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजा साधारणपणे त्यातून वजा होते.

आता जे कधी कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. मी आस्थापना शाखेत असताना माझ्या शेजारच्या टेबलावर एक वरिष्ठ लिपिक होते. अक्कलकोटकडच्या गावात त्यांची आई अर्धांगवायूने पडून होती, बघायला दुसरं कुणी नव्हतं. एक दिवस त्यांनी चार ओळींचा राजीनामा लिहिला. सेवा होती एकोणीस वर्षं सात महिने. पाच महिने थांबायचं आणि मग तीन महिन्यांची नोटीस द्यायची, एवढंच बाकी होतं. अर्जित रजा शिल्लक होती, अर्धवेतनी रजाही होती. ती घेऊन आईजवळ राहता आलं असतं आणि सेवाही मोजली गेली असती. राजीनाम्याने मागची सगळी सेवा जप्त होते, हा नियम मला पाठ होता. पण दुसऱ्याच्या घरच्या अडचणीत कशाला बोलायचं, म्हणून मी गप्प राहिलो, टिपणी लिहिली आणि फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवली. मंजुरी आठवड्यात आली. पुढे ते मला मंगळवेढ्याच्या एस.टी.त भेटले, एका दुकानात हिशोब लिहायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, याचं दुःख मला आजही आहे.

म्हणून तुला बजावतो. तू राज्यसेवेचा अभ्यास करते आहेस. प्रत्येक अर्ज कार्यालयामार्फत, परवानगी घेऊनच कर. निवड झाली तर राजीनाम्यात ‘शासनाच्या अमुक पदावर रुजू होण्यासाठी’ असं स्पष्ट लिही आणि तो तसाच मंजूर झाला ना, ते आदेशात वाच. तेवढ्या एका वाक्यावर मागची सेवा जोडली जाणं अवलंबून असतं.

तुझी योजना वेगळी आहे, हे मला माहीत आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत तुझ्या पगारातून दहा टक्के कापले जातात, शासन चौदा टक्के घालतं. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेपैकी किमान चाळीस टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे ठरावीक रक्कम देत राहणारी विमा कंपनीची योजना, घ्यावी लागते. मुदतीआधी नोकरी सोडलीस तर तोच वाटा साधारण ऐंशी टक्के होतो, म्हणजे हातात फारच थोडं येतं. केंद्राच्या एकत्रित निवृत्तिवेतन योजनेत (यूपीएस) पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचा निम्मा भाग मिळतो, आणि दहा वर्षांनंतर किमान दहा हजार रुपये. राज्याच्या मंत्रिमंडळानेही ऑगस्ट २०२४ मध्ये त्या धर्तीवर निर्णय घेतला. असे पर्याय मुदतीत लेखी द्यायचे असतात आणि एकदा दिले की सहसा बदलत नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता बघून सही करू नकोस, मूळ शासन निर्णय शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाच. कपात खात्यात जमा होते का, ते दर महिन्याला बघ. पगारपत्रकात कपात दिसली म्हणजे खात्यात पैसे पडलेच असं समजू नकोस.

सेवापुस्तकात रुजू दिनांक, स्थायित्व, वेतननिश्चिती, प्रत्येक रजा आणि दरवर्षीची सेवा पडताळणी, या सगळ्यांवर सही-शिक्का हवा. माझ्या पुस्तकात एका तालुक्यातल्या दोन वर्षांची पडताळणी राहून गेली होती. निवृत्तीच्या तोंडावर पेन्शनचं प्रकरण त्रुटी काढून परत आलं, आणि ज्या अधिकाऱ्यांची सही हवी होती ते कधीच निवृत्त झाले होते. जुनी वेतन देयकं शोधत मी दोन उन्हाळे त्या रेकॉर्ड रूममध्ये काढले. सोलापूरचा मे महिना तुला सांगायला नको.

नामनिर्देशन, म्हणजे आपल्या पश्चात पैसे कुणाला मिळावेत तो अर्ज, भरलास का? लग्न झाल्यावर ते पुन्हा भरावं लागतं, बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. सध्या आईचं नाव घाल.

सोमवारी आस्थापना शाखेत जा आणि सेवापुस्तक बघायला माग. नाही म्हणाले तर लेखी अर्ज दे, पोच घे. झेरॉक्स मिळाली की रविवारी घरी ये, पहिल्या पानापासून आपण दोघं मिळून वाचू.

तुझा,
काका