डहाणूला जाण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

डहाणूच्या सागरी वारशावर लिहायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पण तुझा आराखडा किल्ल्यापासून सुरू होतो आणि किल्ल्यापाशीच संपतो. पोर्तुगीजांचं ठाणं, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1739मध्ये ते मराठ्यांकडे आलं, एवढं एका परिच्छेदात सांगून होईल. त्याहून पुष्कळ जुना पुरावा आपल्या नाशकातच आहे.

आधी पांडवलेण्यांवर जा. दहाव्या लेण्याच्या ओवरीत नहपान क्षत्रप या शक राज्यकर्त्याचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर नावा ठेवून लोकांना फुकट उतार करून दिला, दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या, असं त्यात कोरलंय. अभ्यासक दाहनुका म्हणजे डहाणूची नदी मानतात. त्याच लेखात शूर्पारक, म्हणजे सोपाऱ्याचं जुनं बंदर, येतं. 32,000 नारळाच्या झाडांचं दानही येतं. घाटमाथ्यावरच्या डोंगरात बसून किनाऱ्यावरच्या तरीची, म्हणजे नावेने नदी उतरवण्याच्या सोयीची, नोंद कोरावी, हे उगीच नाही. सोपाऱ्याला उतरलेला माल घाट चढून गोवर्धन परिसरातून पुढे पैठणकडे जायचा. ते गोवर्धन आजही गंगापूरजवळ नांदतंय. तेव्हा डहाणूचा वारसा लिहिताना लढायांच्या आधी ही नावेची सोय आली पाहिजे. माणसं पाण्यापार सुखरूप जावीत म्हणून कोणी खर्च केला, याचा हा लेखी पुरावा आहे, आणि मला तो तोफांपेक्षा मोठा वाटतो.

मग त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत खाली उतर. डहाणूला चिकूच्या वाड्या दिसतील. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तिथे फार रेंगाळू नकोस, सरळ धाकटी डहाणू गाठ. मांगेला आणि इतर मच्छीमारांची वस्ती, बोटी आणि वाळत घातलेले बोंबील, तुझा विषय तिथे आहे.

बोंबील डोलीत कसा येतो ते नीट समजून घे. डोल म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं. ते समुद्रात एका जागी पक्कं बांधून ठेवतात, आणि पाण्याची ओढ मासळी आत लोटते. म्हणजे सगळा खेळ भरती-ओहोटीचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. अष्टमीला साधारण सहा वाजता. डहाणूला त्यात किती मागेपुढे होतं, ते तिथल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, विचार. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांत ओढीचा फरक किती पडतो, डोल बांधायची कोणती जागा कोणत्या घराची आणि ती कशी ठरली, हेही विचार. समुद्रावरच्या या वहिवाटी बहुतेक तोंडीच चालत आल्या आहेत. तुझ्या लिखाणाचा अर्धा भाग याला दे.

हे आत्ताच का? 1991मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. त्याच तालुक्यात वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली, सुमारे 76,000 कोटींचं काम. मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केलाय, आणि त्यांची भीती मला खरी वाटते. उद्या जहाजांचे मार्ग आखले गेले, भराव पडला, तर डोलीच्या जागा जातील आणि त्यांची नावंही जातील. नोकऱ्या येतील म्हणणारी माणसंही तुला तिथे भेटतील. त्यांचंही मन लावून ऐक, पण आधी जागांची नावं उतरवून घे.

बायकांशी बोलल्याशिवाय परतू नकोस. मासळी निवडणं, सुकवणं, बाजारात भाव करणं त्यांच्या हातात असतं; कोणत्या वर्षी काय कमी झालं हे त्या चटकन सांगतील. लिलावाच्या वेळी मात्र कोणाला अडवू नकोस, दुपारी जा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी विणत बसलेल्या माणसांकडे बोलायला वेळ असतो. बोटीवर यायचं का विचारलं तर हो म्हण. फोटो विचारून काढ. आणि लिहून झालं की ज्यांनी सांगितलं त्यांना आधी वाचून दाखव, मग माझ्याकडे पाठव.

तुझे,
सर
नाशिक