कोविडच्या साथीच्या काळात थीम पार्कला एकटीने जावे का?

(ही प्रश्नोत्तरे डिसेंबर २०२१ मधली आहेत; त्यांतले नियम, किमती आणि निर्बंध तेव्हाचे आहेत.)

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सदाशिव पेठेत राहते. वय ४३, एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. घरी मी आणि माझी ७४ वर्षांची आई, अशा आम्ही दोघीच असतो. मार्च २०२० पासून मी पुण्याबाहेर पाऊल टाकलेले नाही. दीड वर्ष ओट्यावरच्या डब्याला मोबाइल टेकवून तास घेतले, दुसऱ्या लाटेत शाळेतील एक जिवाभावाची सहकारी गेली, आणि ४ ऑक्टोबरपासून पुन्हा वर्गात उभी आहे. खोपोलीच्या इमॅजिका या थीम पार्कला मी एकदा शाळेच्या सहलीबरोबर गेले होते, पण तो दिवस मुले मोजण्यातच गेला. आता मला एकटीने जाऊन, एक रात्र मुक्काम करून, सगळ्या राइड्समध्ये बसायचे आहे. भाऊ म्हणतो, "पाळण्यात बसायला एकटी बाई कुठे जाते का? आणि तेही अशा दिवसांत?" आई म्हणते, "जा बाई, एकदाची जाऊन ये." आम्हा दोघींचेही दोन्ही डोस झाले आहेत, आईचा दुसरा मे महिन्यात आणि माझा सप्टेंबरमध्ये. जाणे सुरक्षित आहे का, परत आल्यावर आईला धोका होईल का, आणि अशा काळात मौज करावीशी वाटणे ही चूक आहे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो सल मनात असेपर्यंत बाकीचे काही नीट ऐकू येणार नाही. चूक नाही. वीस महिने तुम्ही आई आणि वर्ग दोन्ही सांभाळलेत. जवळचे माणूस गमावल्यावर वाऱ्यावर जोरात ओरडावेसे वाटणे हे त्या माणसाला विसरणे नव्हे. भावाच्या बोलण्यात काळजी आहे, ती खरी माना; पण "एकटी बाई" हा त्याचा आक्षेप आणि "अशा दिवसांत" हा त्याचा आक्षेप वेगवेगळे करून पाहा. पहिल्याला उत्तर देण्याची गरज नाही. दुसऱ्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, आणि बंद, हवा न खेळणाऱ्या जागेत तो सर्वांत सहज पसरतो. हे एकदा लक्षात घेतले की उद्यानातील धोका कुठे आहे ते आपोआप दिसते. तुम्ही रोज वर्गाच्या चार भिंतींत मुलांसमोर कित्येक तास बोलता. त्या मानाने उघड्या आकाशाखाली फिरणारा रोलर कोस्टर काहीच नाही. खरा धोका राइडच्या आधीच्या रांगेत, जेवणाच्या टेबलावर, बंद प्रेक्षागृहात आणि जाण्यायेण्याच्या वाहनात आहे. भाऊ ज्याला घाबरतो आहे तो पाळणा या यादीत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी स्वतः तिथे एकटी जाऊन आले, म्हणून रांगेबद्दल थोडे विस्ताराने सांगते. नायट्रो या रोलर कोस्टरच्या रांगेत जमिनीवर पिवळे गोल रंगवलेले होते. रांग थांबलेली असताना प्रत्येक जण आपापल्या गोलावर शहाण्यासारखा उभा होता, पण वरून गाडी परत येत असल्याचा खडखडाट ऐकू आला की सगळे पुढे सरकत, आणि एका गोलावर चार-चार माणसे होत. ओरडून आलेले लोक उतरत असतात, चढणारे उत्साहात बोलत असतात, आणि निम्म्यांचे मास्क हनुवटीवर आलेले असतात. मी दोनदा त्या रांगेतून बाहेर पडले. नंतर दुपारी अडीचच्या सुमारास, बहुतेक मंडळी जेवायला गेल्यावर, पुन्हा गेले तेव्हा पुढे फक्त सहा माणसे होती. या रोलर कोस्टरला पायाखाली जमीन नसते, त्यामुळे चपला फलाटावरच काढून ठेवाव्या लागतात. एका ओळीत चार जागा असतात. माझ्या शेजारच्या दोन रिकाम्या राहिल्या. खांद्यावरचा दांडा खाली आला, अनवाणी पाय हवेत लोंबकळू लागले, आणि समोर सह्याद्रीची कड दिसत होती. त्या क्षणी सोबत कोणी नाही याचे मला मुळीच वाईट वाटले नाही.

रांगेतून बाहेर पडता येणे, हाच एकटीने जाण्याचा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि या पत्राला मी "जा" असे उत्तर देते ते त्याच्याच बळावर. सहा जणांबरोबर गेलेल्या माणसाला गर्दी दिसली तरी परत फिरता येत नाही. कोणाचा हट्ट असतो, कोणाचे पैसे वसूल व्हायचे असतात, मुले रडत असतात. तुमच्यावर असले कोणतेही ओझे नाही. राइडवरच्या कर्मचाऱ्याने तीन जणांच्या कुटुंबाशेजारची चौथी जागा दाखवली तर "मी पुढच्या फेरीत बसते" असे सांगा; कोणी रागावत नाही. बंद जागेतील राइड्स या वेळी सोडून द्या. डीप स्पेस हा रोलर कोस्टर अंधाऱ्या, बंदिस्त जागेतला आहे आणि आय फॉर इंडियाचे प्रेक्षागृहही बंदिस्त आहे. मन होईल, मलाही झाले होते, पण २२ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यात परवानगी मिळाली ती मोकळ्यावरच्या कोरड्या राइड्सना, आणि त्यामागचे कारण अगदी योग्य आहे.

मास्क एन-९५ असावा, आणि निदान तीन बरोबर ठेवा, कारण घामाने ओला झालेला मास्क उपयोगाचा राहत नाही. कानांवरच्या नाड्या मानेमागे आकड्याने अडकवा. वेगात सैल मास्क उडून जातो. २७ नोव्हेंबर २०२१ च्या शासन आदेशात रुमाल म्हणजे मास्क नव्हे असे स्पष्ट म्हटले होते, आणि नियम मोडल्यास ५०० रुपये दंड होता. त्याच आदेशानुसार अशा ठिकाणी दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच प्रवेश होता, तेव्हा युनिव्हर्सल पास (लसीकरण पूर्ण झालेल्यांना मिळणारा राज्याचा पास) किंवा कोविन प्रमाणपत्राची छापील प्रत जवळ ठेवा. मोबाइलची बॅटरी संपली की प्रमाणपत्रही संपते.

मुक्कामाचा तुमचा विचार मला फार पटला. उद्यानाला लागूनच हॉटेल आहे. खोली घेतली की जेवणाचा प्रश्न सुटतो, कारण दिवसभरात मास्क उतरतो तो नेमका जेवताना, शेजारच्या टेबलावर दहा जण हसत-बोलत असताना. दुपारचे जेवण खोलीवर मागवा, खिडकी उघडा, तासभर आडव्या व्हा आणि पुन्हा जा. संध्याकाळी दमलेल्या अवस्थेत घाट चढून परत येण्याची घाईही उरत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप चालू होता, त्यामुळे लोक मिळेल त्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून जात होते. तसे अजिबात करू नका. खर्च वाढला तरी ओळखीच्या चालकाची गाडी ठरवा, मागे डाव्या बाजूला बसा, एसी बंद ठेवून दोन्हीकडच्या काचा थोड्या खाली घ्या, आणि चालकालाही चांगला मास्क द्या. स्कूटरचा विचार असेल तर द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. जुन्या रस्त्याने बोरघाट उतरावा लागेल, आणि राइड्सनी अंग आंबल्यावर परतीचा तो चढ मी तुम्हाला सुचवणार नाही.

दिवस निवडताना नाताळ ते नववर्ष हा आठवडा पूर्णपणे टाळा. किरकोळ रजा टाकून आठवड्याच्या मधले दोन दिवस घ्या, आणि उद्यान त्या दिवशी चालू असल्याची आदल्या दिवशी फोनवर खात्री करून घ्या. तारीख बदलून मिळेल असेच तिकीट काढा. ५ डिसेंबर २०२१ ला पिंपरी-चिंचवडमध्ये सहा आणि पुण्यात एक ओमायक्रॉनबाधित आढळला, आणि येत्या काही आठवड्यांत निर्बंध पुन्हा कडक होऊ शकतात. तसे झाले तर निमूटपणे बेत पुढे ढकला.

आता आई. सर्वांत जास्त विचार तिथेच करायचा आहे. त्यांचा दुसरा डोस मे महिन्यातला, म्हणजे सात महिने झाले; काळाबरोबर प्रतिपिंडे कमी होतात, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी शरीर तरुणाइतके जोमाने लढत नाही. म्हणून तुमच्या सहलीचे दिवस दोन नव्हेत, सात धरा. लक्षणे बहुधा पाचव्या दिवसाच्या आसपास दिसतात, क्वचित चौदाव्या दिवसापर्यंतही. परत आल्यावर पाच दिवस वेगळ्या खोलीत झोपा, आईसमोर मास्क लावा, जेवण वेगवेगळ्या वेळी घ्या, घराच्या खिडक्या उघड्या ठेवा. पाचव्या दिवशी चाचणी करा. पुण्याच्याच मायलॅबचा कोव्हिसेल्फ हा घरी करण्याचा संच २०२१ मध्ये औषधाच्या दुकानात २५० रुपयांना मिळत असे आणि पंधरा मिनिटांत निकाल दाखवतो. मात्र घसा धरला असेल किंवा ताप असेल, तर त्याच्या निगेटिव्ह निकालावर विसंबू नका, आरटी-पीसीआर करून घ्या. पेठेतले दोन खोल्यांचे घर असेल तर वेगळे राहणे अवघड जाते, हे मी जाणते. अशा वेळी भावाला विनंती करा की ते पाच दिवस आईला त्याने आपल्या घरी न्यावे. त्याच्या काळजीला यामुळे एक काम मिळेल, आणि ते काम तो मनापासून करील असे त्याच्या वाक्यावरून मला वाटते.

प्रश्न : मी औंधला राहणारा ३१ वर्षांचा अभियंता आहे. डिस्नेची उद्याने एकट्याने पाहण्याची फार वर्षांची इच्छा आहे. आधी टोकियो मनात होते, आता अमेरिकेतल्या ऑरलँडोचा विचार आहे. येत्या जानेवारीत जावे का?

उत्तर : जानेवारीत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टोकियोचा प्रश्न तर उरतच नाही, कारण जपानने ३० नोव्हेंबर २०२१ पासून नव्याने येणाऱ्या परदेशी नागरिकांना दारे बंद केली. अमेरिकेने ८ नोव्हेंबर २०२१ पासून लसीकरण पूर्ण झालेल्यांना प्रवेश दिला, कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्ही तिथे चालत, परंतु ६ डिसेंबर २०२१ पासून विमानात बसण्याच्या फार तर एक दिवस आधीचा निगेटिव्ह अहवाल लागे. आपल्याकडची नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे १५ डिसेंबर २०२१ ला सुरू व्हायची होती, ती ३१ जानेवारी २०२२ पर्यंत पुढे गेली. द्विपक्षीय 'एअर बबल'च्या, म्हणजे दोन देशांनी आपसांत ठरवलेल्या मर्यादित, विमानांनी जाता येत होते, पण चाचणी एका दिवसाने चुकली तर पुढचे सगळे आरक्षण कोसळते.

ऑरलँडोचे डिस्नेचे उद्यान मार्च २०२० मध्ये बंद झाले आणि ११ जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने उघडले. त्यानंतर तिकिटाखेरीज त्या-त्या दिवसाचे वेगळे आरक्षण करावे लागत होते. एकट्या माणसाला याचा त्रास कमी होतो, हे खरे आहे. पण वर शिक्षिकाबाईंना मी परत फिरण्याच्या ज्या सोयीबद्दल लिहिले, ती तुम्हाला परदेशात मिळणार नाही. ३१ ऑक्टोबर २०२१ ला शांघायच्या डिस्नेलँडमध्ये एका बाधित व्यक्तीच्या भेटीचा धागा लागल्यावर दरवाजे बंद करण्यात आले आणि आत असलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांना चाचणी झाल्यावरच बाहेर सोडले. निकाल सर्वांचे निगेटिव्ह आले, परंतु त्या रात्री रांगेत उभ्या असलेल्या एकट्या परदेशी पाहुण्याची कल्पना करून पाहा. खोपोलीहून तुम्ही दोन तासांत घरी पोहोचता. ऑरलँडोत पॉझिटिव्ह आलात, तर अनोळखी शहरात दहा दिवस हॉटेलच्या खोलीत, डॉलरमध्ये भाडे भरत, औषध आणून देणारे कोणी नसताना काढावे लागतील. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाही सध्या फार वेळ लागतो. तो अर्ज मात्र आत्ताच करून ठेवा, आणि प्रवास विम्यात कोविडमुळे वाढलेल्या मुक्कामाचा खर्च धरलेला आहे का, हे अटींमध्ये शब्दन् शब्द वाचा.

प्रश्न : मी कर्वेनगरला वसतिगृहात राहते. एकटीने अशा ठिकाणी गेले आणि तिथेच ताप भरला, तर काय करावे?

उत्तर : राइड तिथल्या तिथे थांबवा, मास्क घट्ट करा आणि उद्यानाच्या प्रथमोपचार कक्षात जाऊन लक्षणे खरी सांगा. लपवू नका. सामायिक वाहनाने परतू नका. वसतिगृहाच्या अधीक्षिकांना निघण्यापूर्वी फोन करा, म्हणजे तुमची वेगळी सोय करायला त्यांना वेळ मिळेल. दम लागत असेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. निघताना एका कागदावर आपले नाव, रक्तगट, चालू औषधे आणि घरच्या दोघांचे क्रमांक लिहून घ्या. पर्स आणि मोबाइल बहुतेक वेळ लॉकरमध्येच राहतात, म्हणून ती चिठ्ठी अंगावरच्या कपड्याच्या खिशात, चेन लावून ठेवा.