पंधरा टक्क्यांवर सल्लागार ठेवावा का?

ताई, थोडक्यात उत्तर: आणलेल्या निधीतले पंधरा टक्के घेईन म्हणणारा निधी-सल्लागार ठेवू नका. आता जरा लांबण लावते, कारण हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी मला विचारतंच.

तुम्ही लिहिलंय की मानखुर्दच्या अभ्यासिकेचा वर्षाचा खर्च १८ लाख आणि जमतात कसेबसे ११ लाख. एक गृहस्थ म्हणतात, "सहा महिन्यांत सीएसआरमधून, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या पैशातून, ४० लाख आणून देतो. आधी एक रुपया नको, आले की १५ टक्के माझे." विश्वस्तांना वाटतंय, यात आपलं जातंय काय?

मी मुंबईत एकोणीस वर्षं संस्थांसाठी निधी जमवायचं हेच काम करतेय. आधी सहा वर्षं एका संस्थेत नोकरी, मग स्वतंत्र सल्लागार. आणि सुरुवातीला एकदा मीही टक्केवारीवर काम घेतलं होतं, दहा टक्के. विलेपार्ल्यातले एक निवृत्त काका पत्नीच्या वर्षश्राद्धाला पाच लाख द्यायचं म्हणत होते. मी घरी गेले, कागद दाखवले, चहा झाला. चेकवर रक्कम लिहून झाली, आणि सही करायच्या आधी त्यांनी पेन खाली ठेवलं. "यातले तुमचे किती?" मला खोटं बोलता आलं नाही. "पन्नास हजार." ते चिडले नाहीत. चेकबुक मिटलं आणि म्हणाले, "तुम्ही राबता, तुम्हाला पैसे मिळायलाच हवेत. पण तिच्या नावाच्या पैशातून नकोत." दोन दिवसांनी स्वतः संस्थेत जाऊन चेक देऊन आले. करार होता म्हणून माझे पन्नास हजार मला मिळाले. ते घेतले, आणि त्यानंतर टक्केवारी बंद केली.

अमेरिकेत निधी संकलन करणाऱ्यांची जी व्यावसायिक संघटना आहे, एएफपी, तिच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घ्यायला सरळ मनाई आहे. ते नीतीचं एक वेळ बाजूला ठेवू. तुमच्या बाबतीत हिशोबच बसत नाही. कंपनी सीएसआरचे पैसे देते ते प्रकल्पाला. बजेटमध्ये एकेक रकाना ठरलेला: शिक्षिकांचं मानधन इतकं, पुस्तकं इतकी, भाडं इतकं. वर्षाअखेरीस सीएच्या सहीचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले याचा दाखला, द्यायचं. ४० लाखांचे १५ टक्के म्हणजे सहा लाख. हे कुठल्या रकान्यात दाखवणार? ‘कमिशन’ असा रकाना कुठलीच कंपनी मंजूर करत नाही. मग उरतात दोन वाटा. एक, खोटी बिलं. दुसरी, वस्तीतून आणि ओळखीतून जमलेल्या तुमच्या ११ लाखांतून सहा लाख काढून द्यायचे. रिक्षा चालवणाऱ्या पालकाने दिलेले पाचशे रुपये त्या गृहस्थांच्या खिशात. विश्वस्तांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा, "जातंय काय" हा प्रश्न पुन्हा येणार नाही.

सीएसआरचा पैसा आहे, यात शंका नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावेच लागतात. नरिमन पॉइंट ते बीकेसी अशा कंपन्यांची रांग आहे. पण आत शिरायला कागद लागतात, आणि तिथे निम्म्या संस्था अडकतात. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा नोंदणी क्रमांक हवाच. त्यासाठी १२ए (संस्थेला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट देणारी) हवं, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा.

आणि मग येतो शेड्यूल वनचा उतारा, म्हणजे सरकारी नोंदवहीत संस्थेचे विश्वस्त कोण ते दाखवणारा कागद. वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून तो काढला की संस्थेची खरी पत्रिका कळते. एका संस्थेचा काढला तर सात विश्वस्तांपैकी तिघे कैलासवासी! विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. यांनी अकरा वर्षं दिलाच नव्हता. कंपनीची माणसं उताऱ्यावरची नावं आणि ठरावावरच्या सह्या ताडून बघतात. जुळलं नाही की "कळवतो" म्हणतात आणि कधीच कळवत नाहीत. त्या संस्थेत माझे पहिले चार महिने वकील, सीए आणि वरळीच्या फेऱ्यांत गेले. निधी जमला शून्य. टक्केवारीवरचा माणूस हे काम कशाला करेल?

चांगला सल्लागार काय करतो ते सांगते, कारण लोकांना वाटतं त्याच्याकडे श्रीमंतांचे फोन नंबर असतात. असले तरी ते लोक त्याला ओळखतात, तुम्हाला नाही. माझं काम बहुतेक वेळा लोखंडी कपाटापासून सुरू होतं. लालबागच्या एका जुन्या संस्थेत चौदा वर्षांची पावतीपुस्तकं सुतळीने बांधून ठेवली होती, वरच्या गठ्ठ्याला वाळवी. आम्ही स्थळप्रती काढून एकेक नाव एक्सेलमध्ये भरलं. तीन आठवडे लागले. दोनदा किंवा जास्त वेळा देणगी देणारे दोनशेहून अधिक लोक निघाले, आणि त्यातल्या बहुतेकांना पावतीपलीकडे संस्थेकडून एक ओळसुद्धा गेली नव्हती. एक बाई नऊ वर्षं दर ऑगस्टमध्ये १,००१ रुपये देत होत्या आणि मग थांबल्या. फोन केल्यावर म्हणाल्या, "मला वाटलं संस्था बंद पडली."

त्यांना मी फोन केला नाही, सेक्रेटरींनी केला. हा मुद्दा फार महत्त्वाचा. नातं संस्थेचं राहायला हवं. सल्लागार आज आहे, उद्या नाही. सुरुवातीला ते सेक्रेटरी कबूलच होईनात. "आपण भीक मागत नाही, मॅडम." मी विचारलं, गणपतीत मंडळाची वर्गणी मागायला चाळीचे चार मजले तुम्हीच चढता ना? म्हणाले, "ते वेगळं." वेगळं काय असतं, तर तिथे मागणं स्पष्ट असतं, पावती जागच्या जागी फाडली जाते आणि दहा दिवसांत पैसा कुठे गेला ते डोळ्यांनी दिसतं. संस्थेकडून माणूस तेवढंच मागतो. पहिल्या फेरीत आम्ही पैसे मागायचेच नाहीत असं ठरवलं. फक्त आभार, आणि संस्थेच्या अभ्यासिकेतून यंदा किती मुली दहावी झाल्या ते सांगायचं. चाळीसेक फोननंतर सेक्रेटरींचा आवाज बदलला होता.

मोठ्या देणगीचं म्हणाल तर मला महर्षी कर्वे आठवतात. १८९६ मध्ये पुण्यात आश्रम काढला तेव्हापासून माणूस दारोदार फिरून लहान-लहान रकमा जमवत होता. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, आपलं एसएनडीटी. म्हणजे तो चेक यायला चोवीस वर्षं लागली. तुमचे गृहस्थ सहा महिने म्हणतायत.

बारीकसारीक गोष्टी. "८०जी आहे, कर वाचेल" या एका वाक्यावर आता भिस्त ठेवू नका. नव्या कररचनेत ती वजावट मिळत नाही आणि पगारदार माणसं मोठ्या संख्येने तिकडे गेलीत. ज्यांना ती लागते त्यांचा पॅन पावतीवर घ्या, ३१ मेपर्यंत १०बीडी (देणग्यांचा तपशील आयकर खात्याला कळवायचा फॉर्म) भरा, नाहीतर दिवसाला २०० रुपये लेट फी. दोन हजारांवर रोख घेतली तर देणगीदाराला वजावट नाही. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या निमित्ताने निधी उभा करता येतो, पण ज्यांच्याकडे धावणारे आणि त्यांच्या मित्रांना मेसेज करणारे स्वयंसेवक आहेत त्यांनाच ते जमतं. परदेशी देणगीचा विषय त्या गृहस्थांनी काढला तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना असे पैसे घेणं गुन्हा आहे, एवढं लक्षात असू द्या. आणि प्रस्ताव पाठवण्याआधी दोघांनी वाचा. मी एकदा एका बँकेला पाठवलेल्या प्रस्तावात पान चारवर दुसऱ्याच बँकेचं नाव राहिलं होतं. उत्तर आलं नाही, हे सांगायला नको.

सल्लागार ठेवायचाच असेल तर ठरावीक मासिक फी, सहा महिन्यांचा लेखी करार, आणि फी कुठल्या पैशातून जाणार ते आधी ठरलेलं. एखाद्या विश्वस्ताने किंवा हितचिंतकाने "संस्था उभी करायला" म्हणून वेगळी रक्कम दिली तर उत्तम. मी हल्ली हीच अट घालते. देणगीदारांची यादी संस्थेच्या मालकीची, करार संपल्यावर त्याच्या लॅपटॉपमधून गेली पाहिजे. पैसे थेट संस्थेच्या खात्यात. भेटीला तो एकटा जाणार नाही, तुमच्यापैकी कुणीतरी बरोबर असेलच. त्या गृहस्थांना हे विचारून बघा. शिवाय मागच्या तीन संस्थांचे नंबर मागा आणि त्यांनी सुचवलेल्या माणसाशी न बोलता तिथल्या हिशोबनिसाशी बोला.

आणि हे सगळं व्हायच्या आत या आठवड्यात वरळीला जाऊन उतारा काढा. किती विश्वस्त हयात निघाले ते इथे लिहा, मग बदल अर्जाचं पुढे बोलू.