प्लग पंधरा अँपिअरचा, मग गाडी कोणती?

प्रश्न : ताई, मी दहिसरला राहतो, नोकरी सीप्झमध्ये. रोजचं जाऊन-येऊन ४० किलोमीटर. दोन महिन्यांतून एकदा आई-बाबांना घेऊन पुण्याला बहिणीकडे जातो. सोसायटीने माझ्या पार्किंगमध्ये पंधरा अँपिअरचा प्लग मंजूर केला आहे, मोठ्या चार्जरला परवानगी नाही. वापरलेल्या तीन गाड्या पाहून ठेवल्यात : एमजी कॉमेट, टाटा टियागो ईव्ही (२४ युनिटची बॅटरी) आणि २०२४ची पंच ईव्ही (३५ युनिटची). विकणारा म्हणतो, टियागो आणि पंच दोन्ही फास्ट चार्जरवर तासाभरात भरतात, मग मोठी बॅटरीच घ्या. पंचला अडीच लाख जास्त पडतात. काय करू?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : अडीच लाखांचा प्रश्न आहे म्हणून आकडे मांडूनच सांगते. विकणारा खोटं बोलत नाही, पण त्याचा ‘तास’ टक्क्यांचा आहे. दहा टक्क्यांवरून ऐंशीवर जायला टियागोला ५८ मिनिटं लागतात, पंचला ५६. टियागोचे ७० टक्के म्हणजे सुमारे १७ युनिट, पंचचे साडेचोवीस. मुंबईत माझी टियागो युनिटला आठ-नऊ किलोमीटर देते. पंच वजनदार, तिला सात धरा. म्हणजे तेवढ्याच वेळात टियागोत १३५-१४० किलोमीटर भरतात आणि पंचमध्ये १७०. फास्ट चार्जरवर पंच खरंच पुढे आहे.

पण तुमची गाडी वर्षातले साडेतीनशे दिवस त्या चार्जरवर जाणारच नाही. ती तुमच्या प्लगवर असेल, आणि तिथे हिशोब उलटतो. पंधरा अँपिअरच्या प्लगवर कोणतीही गाडी ३.३ किलोवॉटच्या आसपासच घेते. गळती वजा जाता तासाला तीनच्या आत युनिट बॅटरीत पोचतात, मग बॅटरी १७ची असो की ३५ची. तासाला टियागोत पंचवीस किलोमीटर भरतात, पंचमध्ये वीस. घरच्या प्लगवर जी गाडी कमी खाते तीच लवकर भरते. माझ्या मते छोटी गाडी घेताना हाच आकडा आधी काढावा. तुम्हाला रोज लागणार पाच-सहा युनिट, म्हणजे दोन तास. रात्री दहाला लावलीत तर बाराला काम झालं.

कंपन्यांनी गाड्या आणताना सांगितलेली रेंज, म्हणजे एकदा पूर्ण भरल्यावर चालणारे किलोमीटर, बॅटरीने भागा : कॉमेट २३० भागिले १७.३, टियागो ३१५ भागिले २४, पंच ४२१ भागिले ३५. युनिटला किलोमीटर येतात १३.३, १३.१ आणि १२. त्यातला तिसरा हिस्सा कापा, मुंबईतलं खरं चित्र साधारण तिथे येतं.

आता पुणे. तुमच्या घरापासून १६० किलोमीटर धरू. एक्सप्रेसवेवर ऐंशी-नव्वदने चालवलीत तर टियागो युनिटला सातवर येते. शिवाय घाट. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटर चढ आहे. चार माणसांसह दीड टनाच्या आसपासची गाडी तेवढी वर न्यायला सपाट रस्त्यापेक्षा दोन-अडीच युनिट जादा जातात. पूर्ण भरून निघालात तरी टियागो पुण्याच्या अलीकडे दहा टक्क्यांवर येईल, म्हणून वाटेत अर्धा तास थांबायचं. मी घाटाच्या आधीच थांबते. आईला चहा हवाच असतो आणि चढावर काट्याकडे बघत बसावं लागत नाही. ऐंशी टक्क्यांपुढे मात्र तिथे भरत बसू नका, वेग पडतो आणि मागची गाडी ताटकळते. परतताना घाट उतरल्यावर टक्के दोन-तीनने वाढलेले दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मुलीला फोन करून सांगितलं होतं. पंच हे अंतर न थांबता काढेल. वर्षातून सहा वेळा, येताजाता अर्धा-अर्धा तास वाचवायला अडीच लाख? मी देणार नाही.

कॉमेट मला मनापासून आवडते, गल्लीबोळात तिच्यासारखी गाडी नाही. पण तिला फास्ट चार्जरची डीसी गन (जाड केबलचा प्लग) बसतच नाही. काही मॉडेल्स ७.४ किलोवॉटचा एसी (घरच्या विजेसारख्या प्रवाहाचा) चार्जर घेतात, त्यालाही पूर्ण भरायला साडेतीन तास. आणि दरवाजे दोनच. बाबांना पुढची सीट दुमडून मागे जायला लावू नका.

टियागो घ्या. घेण्याआधी बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू आहे, हे लेखी मागा.

आणि प्लगबद्दल हात जोडून सांगते. २०२३मध्ये माझी गाडी आली तेव्हा वायरमनने जिन्याच्या दिव्यांच्या लाइनवरून प्लग काढून दिला. तिसऱ्या आठवड्यात प्लगटॉप वितळून सॉकेटला चिकटला. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी मात्र पूर्ण भरायची असेल तेव्हा १४ अँपिअर सलग सात-आठ तास ओढते. मीटरपासून थेट ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जास्त भार आल्यास पडणारा स्विच), आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग, यात काटकसर नको. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा.

प्रश्न : माझ्या टियागो ईव्हीची (२४ युनिट) रेंज जानेवारीत २०० होती, मे महिन्यात १६० झाली. बॅटरी गेली का? भांडुप ते लोअर परळ जाते.
— एक वाचक, भांडुप

उत्तर : घाबरू नका, हा एसी आहे. मोटर किलोमीटरवर खाते, एसी तासावर. तुमचे २२ किलोमीटर चालायला अडीच युनिट लागतात. त्याला तास लागला की एसीचं पाऊण ते एक युनिट वर चढतं, आणि सायनला अडकलात तर आणखी. तुमच्या गाडीत ॲपवरून एसी सुरू होत असेल तर प्लग काढण्याआधी पंधरा मिनिटं लावा, म्हणजे गाडी भिंतीच्या विजेवर थंड होईल. टायरची हवाही बघा. मग एखाद्या रविवारी पहाटे एसीशिवाय पन्नास किलोमीटर चालवा आणि किती टक्के गेले ते लिहा. पंचवीसच्या आसपास असतील तर बॅटरी ठणठणीत आहे. पस्तीस गेले तर तो कागद घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे.